गाण्याचं गायरान

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी तो काढला तेव्हा गावात पुष्कळ दिवस चर्चा झाली म्हणे. आता त्याला तीन पिढ्या झाल्या आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आजोबा सत्यशोधक जलशात डफ वाजवायचे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज काढला, पण आमच्या सातारा भागातल्या खेड्यापाड्यांत तो विचार पोचला तो पुस्तकांपेक्षा जलशांतून. जलशानं तमाशाचा साचा घेतला, ढोलकी-तुणतुणं घेतलं आणि आतला मजकूर बदलून टाकला. सावकार, भटजी, पोरींची शाळा, लग्नातला फुकटचा खर्च, असले विषय त्यात यायचे.

आईचं माहेर मात्र माळकऱ्यांचं. घरटी तुळशीची माळ, आषाढीला पायी वारी, रोज सांजच्याला हरिपाठ. असली दोन घरं एकत्र कशी आली असं विचारलं की आई म्हणते, "तवा सोयरीक बांधाकडं बघून हुयाची, देवाकडं बघून न्हाई."

दिवाळी आम्हीही करतो. देव नसलेल्या घरात दिवाळी कशाला, असं शहरातले मित्र विचारतात. त्यांना मी सांगतो, आमच्याकडं दिवाळी गोठ्यापासून सुरू होते. वसुबारसेला गाईवासराला ओवाळायचं, कारण वर्षभर तिचं दूध खाल्लेलं असतं. भात नाहीतर सोयाबीन घरात आलेलं असतं. लेकी माहेरी यायच्या असतात. एवढी कारणं आम्हाला पुरतात. आणि भाऊबीजेला मामा येतात. पाडव्याच्या संध्याकाळच्या एसटीनं उतरायचं, दोन रात्री राहायचं, हा त्यांचा नेम. मामांनी सत्तरी ओलांडली, आई त्यांच्याहून मोठी. त्या दोन दिवसांत कांदा-लसूणसुद्धा वेगळ्या पातेल्यात शिजतो. ते कुणाला जड जात नाही. अडतं ते गाण्यापाशी.

सणाचं घर मुकं चांगलं दिसत नाही. काहीतरी वाजत असावं लागतं. पूर्वी हा प्रश्न रेडिओ सोडवायचा. पहाटे आकाशवाणीची ती ओळखीची धून वाजायची, मग सनई, मग भक्तिगीतं, आणि नरकचतुर्दशीला कीर्तन. ती धून चेकोस्लोव्हाकियातून मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराची, हे मला फार उशिरा कळलं. पण तेव्हा ते कळलं असतं तरी फरक पडला नसता. रेडिओ सगळ्या मुलखाचा होता. त्यावर जे लागेल त्याचा मान किंवा दोष घरधन्याच्या अंगावर येत नव्हता. वडील हरिपाठ ऐकत चहा प्यायचे आणि मामा शाहिराचा पोवाडा ऐकत.

आता मोबाईल आणि हाताएवढा ब्ल्यूटूथ स्पीकर आहे. जगातलं कुठलंही गाणं लागतं. पण ते कुणीतरी बोट लावून निवडलेलं असतं. म्हणजे ते त्या घराचं बोलणं होतं. म्हणून हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. ज्यात आपला विश्वास नाही ते पाहुण्याला बरं वाटावं म्हणून लावायचं का? की आपलं जे आहे ते लावायचं, पाहुण्याला टोचलं तरी?

बायकोचं म्हणणं सरळ आहे. "वर्षातनं एकदा म्हातारा माणूस येतो. लावा की दोन अभंग. तुमचं काय जातंय?"

माझं काही जात नाही, हे खरंच. अभंग मला आवडतातही. तुकोबा वाचायला माळ लागत नाही. पण यावर मी एकदा मामांनाच विचारलं होतं, "मामा, सकाळी अभंग लावू का?" ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "अभंग म्हणायचा असतो बाबा. लावायचा न्हवं."

त्यांचं हे बोलणं मी पुष्कळ दिवस घोळवत राहिलो. मामांच्या लेखी अभंग म्हणजे उभं राहून, टाळ हातात घेऊन, चार माणसांबरोबर करायचं काम. पोरं चकल्या खातायत, कुणी फटाके मोजतंय, मधेच साबणाची जाहिरात वाजतेय आणि मागं स्पीकरवर पांडुरंगाला हाका चालल्यायत, हे त्यांना मानाचं वाटत नाही. श्रद्धा नसलेल्या माणसानं श्रद्धेचं गाणं सणाच्या सजावटीला वापरलं, तर त्यात पाहुण्याच्या देवाचा मान होतो असं आपल्याला वाटतं. पाहुण्याला ते तसं वाटेलच असं नाही. आकाशकंदिलासारखा टांगून ठेवायला तो देव काही आपला नाही, आणि त्यांचाही तो तसा नाही.

लेकीचं म्हणणं याच्या उलट. ती पुण्यात शिकते. ती म्हणाली, "मामाआजोबा आले की आपण कोण आहोत ते लपवायचं का? पणजोबांची गाणी आहेत, फुल्यांचे अखंड आहेत, अण्णा भाऊंची, अमर शेखांची गाणी आहेत. ती आपली. ती का नाही लावायची?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. सणाच्या दोन दिवसांसाठी आपलं मत कोनाड्यात झाकून ठेवायचं, हे ज्या घरानं देव्हारा काढण्याची किंमत मोजली त्या घराला शोभत नाही. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण मला वडिलांकडून मिळालं. वडील सभांतून जलशाची गाणी म्हणायचे, चांगला पहाडी आवाज होता. पण भाऊबीजेला घरात त्यांनी त्यातलं एकही कधी म्हटलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चावडीवर ज्याला पटत न्हाई तो घोंगडी झटकून उठून जातो. घरात आलेला पावणा कुठं उठून जाणार?"

जलसा चौकात होता, यातच त्याची नीती होती. ऐकणाऱ्याला पाठ फिरवायची मोकळीक होती. ज्याला मोकळीक आहे त्याला कितीही टोचून बोलावं. पण बहिणीच्या हातून ओवाळून घ्यायला आलेला, रात्रीची एसटी नसलेला माणूस त्याच्या श्रद्धेची चिरफाड ऐकत बसला, तर ते प्रबोधन होत नाही. त्याचा आपण अडकवून फायदा घेतलेला असतो. डोळ्याला पापणी असते, कानाला नसते.

हा न्याय मी देवळालाही लावतो. कोजागरीपासून महिनाभर आमच्या देवळात पहाटे काकडा असतो. दिवाळी त्याच महिन्यात येते. मामा आमच्याकडं असले तरी चारला उठून अंघोळ करून काकड्याला जातात. पंधरा-वीस माणसं, टाळ, पखवाज. कान देऊन ऐकलं तर घरापर्यंत बारीक आवाज येतो आणि तो गोड वाटतो. पण तोच काकडा भोंग्यावर लागला की आजारी माणूस, तान्हं पोर, रात्रपाळी करून झोपलेला गडी, सगळे त्याचे बांधील होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत भोंग्याला मनाई केली आहे. त्याचं मूळ मला याच साध्या गोष्टीत दिसतं. मामांना भोंगा आवडत नाही. का, ते मी आधी सांगितलंच.

मग उरतं काय? निधर्मी गाणं, असं पटकन तोंडात येतं. पण मराठीत ते शोधायला बसलं की पंचाईत होते. सिनेमातलं गाणं निधर्मी असतं, पण त्यातली निम्मी भाऊबहिणीनं शेजारी बसून ऐकण्यासारखी नसतात. नुसती सनई लावावी, तिला शब्द नाहीत, म्हणून ती कुणाची नाही असं वाटतं. पण मामा भैरवी ऐकतानाही डोळे मिटून विठ्ठलाकडंच जातात. वसुबारसेला पोरं गाईम्हशींचं जे गाणं म्हणतात त्यात लक्ष्मण येतो. जात्यावरच्या ओव्या तर विठ्ठलानं भरलेल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून, बायकांना बोलतं करून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत दळण आहे, सासुरवास आहे, माहेरची वाट आहे, भाऊ तर जागोजागी आहे आणि विठ्ठलही आहे. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या माघारी १९५२ साली पुस्तकात आली. त्यांतही पेरणी आहे, मळणी आहे आणि देवही आहे. देवाचं नाव आलं की गाणं बाद, असा नियम केला तर आमच्याच आज्यापणज्यांचे आवाज बाद होतील.

म्हणून मी शब्दांतला देव मोजायचं सोडून दिलं. मी एवढंच बघतो की हे गाणं गाताना मला खोटं बोलावं लागतं का, आणि मामांना लागतं का?

पाडव्याला आई ओवाळते तेव्हा इडापिडा टळण्याचं आणि बळीचं राज्य येण्याचं ते नेहमीचं बोलणं बोलते. मामांच्या मनात तेव्हा वामनावताराची कथा असते. माझ्या मनात फुल्यांचा बळी असतो, 'गुलामगिरी'त त्यांनी सांगितलेला आमचा कुणब्यांचा राजा. वाक्य एकच. आम्ही दोघंही ते मनापासून म्हणतो. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला फसवत नाही. भावाची ओवीही तशीच. जात्याशी बसलेल्या बाईनं विठ्ठलाला भाऊ म्हटलं तर ती मला तो मानायला सांगत नसते. ती तिचं एकटेपण सांगत असते, आणि ते मला समजतं.

गावाला गायरान असतं. ते कुणाच्या नावावर नसतं म्हणून ते कुणाचंच नसतं असं नाही. तिथं सगळ्यांची जनावरं चरतात. एवढंच की तिथं कुणी कुंपण घालायचं नसतं. गाण्यातही अशी थोडी जमीन आहे. कामाची गाणी, नात्याची गाणी, गाईवासराची, सुगीची गाणी. माझ्या मते सणाला पाहुण्याला न्यायचं ते या जमिनीवर. तिला निधर्मी म्हणा नाहीतर सामाईक म्हणा. ती मात्र गायरानासारखीच कमी होत चालली आहे. अलीकडं सणाची म्हणून जी गाणी येतात त्यांतल्या काहींत देव नावालाच असतो आणि दुसऱ्या कुणाला तरी डिवचणं जास्त. असलं गाणं आमच्या घरात देवाचं म्हणूनही लागत नाही आणि दिवाळीचं म्हणूनही नाही. मामांनाही ते चालत नाही.

गेल्या भाऊबीजेला दुपारी जेवणं झाल्यावर मामा ओसरीवर लवंडले होते. लेक जवळ बसून बडीशेप निवडत होती. मामाच तिला म्हणाले, "तुझा पणजोबा जलशात काय म्हणायचा, यातलं काय येतं का तुला?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. मग तिनं फुल्यांचा एक अखंड म्हटला, हळू आवाजात, काही न चुकता. मामा शेवटपर्यंत मांडीवर बोटांनी ताल धरून होते. झाल्यावर म्हणाले, "यातलं निम्मं मला पटलं न्हाई. पण चाल आमचीच हाय की."

ते बरोबर बोलले. फुल्यांनी अखंड लिहिले ते अभंगाच्याच घाटात. आणि देव न म्हणता का होईना, निर्मिक ते मानत होतेच. लेक पुढं वाद घालायला बसली आणि तासभर तो चालला. मामांनी तिला गाडगेबाबांचं उदाहरण दिलं. कीर्तनात लोकांना उलटे प्रश्न विचारणारा, बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका म्हणणारा माणूस शेवटी देवकीनंदनाच्या नावाचा गजर करायचा, असं ते म्हणाले. लेकीनं त्याचा वेगळा अर्थ काढला. आई मधे म्हणाली, "आप्पा, चा घ्या आता."

रात्री लेक मला म्हणाली, "बघा, म्हटलं तर चाललं." मी म्हटलं, त्यांनी मागितलं म्हणून चाललं. मागितल्यावर म्हणणं आणि न मागता ऐकवणं यात मला फार मोठा फरक दिसतो. आपण कोण आहोत हे त्यांच्यापासून लपलेलं नव्हतंच. आमच्या भिंतीवर फुल्यांची तसबीर आहे आणि देव्हाऱ्याची जागा रिकामी आहे, ते मामा चाळीस वर्षं बघतायत. लपवणं वेगळं आणि वाट बघणं वेगळं. तिला हे पुरतं पटलेलं नाही. ती म्हणते, सगळ्यांनीच मागायची वाट बघितली असती तर जलसा निघालाच नसता. तेही खरं आहे. म्हणून चौक पाहिजे, आणि चौकात तिनं जरूर म्हणावं.

उद्या मामा म्हणाले की आरतीला तूही उभा राहा आणि म्हण, तर मी नाही म्हणेन. शेजारी उभा राहीन, टाळ्या वाजवणार नाही. तेवढं त्यांनी माझ्याकडून ऐकून घ्यावं, ही माझीही अपेक्षा आहे. आजवर त्यांनी कधी तसं म्हटलेलं नाही.

आता आमच्याकडं भाऊबीजेचं असं ठरून गेलंय. मामा काकड्याहून येईपर्यंत घरात काही वाजत नाही. ते आले की चहा, मग बहिणाबाई नाहीतर ओव्या, आवाज बेताचा. ओवाळायच्या वेळी स्पीकर बंद. तेव्हा आई स्वतः म्हणते, भावाच्या दोन ओव्या, जशा येतील तशा. दुसऱ्या ओवीला तिचा श्वास पुरत नाही, तेव्हा शेवटची ओळ मामा पुरी करतात.