मालाचा माग, माणसाचा माग

दिवाळीच्या तोंडावर नाशिककर मेन रोडवर मुलांच्या कपड्यांसाठी गर्दी करतात, तेव्हा जवळच्या गिरणारे गावात मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूलकडची आदिवासी माणसं सकाळी येऊन उभी राहतात, बागाईतदार येतात, रोज ठरतो किंवा एकरी उक्तं काम ठरतं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढायची, मग डिपिंग, म्हणजे घड संजीवकात बुडवणं, आणि विरळणी. हंगाम या हातांवर उभा असतो. मुलांसाठी घरात येणारी वस्तू न्याय्य आहे का, हा प्रश्न नाशिकमध्ये विचारायचा तर तो या बाजारापासूनच विचारावा लागतो.

निर्यातीच्या द्राक्षाचा माग काढायची सोय आपल्याकडे 2006 पासून आहे. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या 'अपेडा' या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद होते, औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात आणि परदेशात पोचलेल्या पेटीवरून थेट बाग सापडते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने युरोपात माल अडला, तेव्हा अख्खा जिल्हा हादरला आणि तपासणी कडक झाली. दूरदेशीच्या गिऱ्हाइकाने प्रश्न विचारला की दिंडोरी-निफाडच्या बागेतलं काम बदलतं, हे त्या वर्षी सिद्ध झालं. पण तो प्रश्न खाणाऱ्याच्या तब्येतीचा होता. डिपिंग करणाऱ्या बाईला रोज किती पडला, तिची मुलं शाळेत आहेत की बांधावर, याची नोंद त्या व्यवस्थेत नाही, कारण ती कोणी मागितलीच नाही.

ती मागण्याचा एक प्रयत्न म्हणजे फेअरट्रेड. 1988 साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर 'मॅक्स हावेलार' हे पहिलं लेबल लागलं. त्यामागचा हिशेब सरळ आहे: बाजार कितीही पडला तरी उत्पादकाला ठरलेला किमान भाव, शिवाय वर काही रक्कम, जिचा विनियोग उत्पादकांनीच मिळून ठरवायचा. किमान भावाचं मोल नाशिकला समजावून सांगायला नको. 2018 च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला 750 किलो कांद्याचे 1,064 रुपये मिळाले आणि त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवली होती.

तरीही लेबल पाहिलं आणि निश्चिंत झालो, असं होता कामा नये. लंडनच्या सोआस या संस्थेच्या अभ्यासगटाने इथिओपिया आणि युगांडात पाहणी केली. 2014 साली आलेला निष्कर्ष बोचरा होता: फेअरट्रेड असलेल्या भागांतही रोजंदारीवरच्या मजुरांची मजुरी इतर ठिकाणांपेक्षा सरस नव्हती, अनेकदा कमीच होती. भाव शेतकऱ्यापर्यंत पोचला, म्हणजे तो मजुरापर्यंत पोचलाच, असं नाही. गिरणाऱ्याच्या बाजारात हे वेगळं शिकवावं लागत नाही.

घरच्या खरेदीत याहून अवघड उदाहरण येवल्याचं. अस्सल पैठणीचे काठ आणि पदर हातमागावर वेगवेगळ्या रंगांच्या रेशमाने विणले जातात. नक्षी उलट्या बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, आणि जड पदराला महिनेच्या महिने लागतात. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' घेण्यात गैर काहीच नाही. ती हातमागाची म्हणून विकली जाते, तेव्हा विणकराची मजुरी बुडते. हातमागाची खूण म्हणून 2006 पासून हँडलूम मार्क आहे, पण तो मागणारं गिऱ्हाईक विरळाच. आणि मुलांचं काय? बालमजुरीच्या कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तिने 14 वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी केली. मात्र धोक्याचं नसलेल्या घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करण्याची मुभा ठेवली. माग घरातच असेल, तर मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते, हे बाहेरून ठरवणं सोपं नाही. मोठ्यांच्या मजुरीत घर चालत असेल, तर मुलाचे हात मागाकडे वळण्याचं एक मोठं कारण तरी दूर होतं.

खरेदीला नीतीचा प्रश्न जोडणं महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याचे पुढारी सार्वजनिक काका 1877 च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले. 1905 मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तिच्यात भगूरचे सावरकर पुढे होते. स्वदेशीने विचारलं, वस्तू कुठली? आता त्यापुढचं विचारायला हवं: ती करणाऱ्याच्या हाती काय पडलं?

'आमच्या खिशाला परवडत नाही' हा आक्षेप खोटा नाही. महिन्याच्या पगारात मुलांचे कपडे, शाळा, किराणा बसवणाऱ्या घराला महाग वस्तूंचा उपदेश करणं हा उद्धटपणा आहे. म्हणून कमी वस्तू घ्याव्यात, हाताने केलेल्या वस्तूवर घासाघीस करू नये, विणकरांच्या किंवा शेतकऱ्यांच्या संस्थेकडून मिळत असेल तर तिथून घ्यावी. एवढं साध्या घरालाही जमतं. किमान वेतनाची अंमलबजावणी मात्र आपल्या पिशवीने होणार नाही. ते सरकारचं काम आहे आणि ते मतदार म्हणून मागावं लागेल. या दिवाळीत दुकानदाराला एक प्रश्न मुलांच्या देखत जरूर विचारा: हे कोणी केलं, आणि त्याला किती मिळाले? उत्तर आलं नाही तरी विचारा. गिऱ्हाईक विचारत राहिलं म्हणूनच द्राक्षाची नोंद झाली. मजुराची नोंदही तशीच होईल.