सुताला ओल हवी

भिवंडीत आवाजानं जाग येत नाही, आवाज थांबला की येते. आठवडाभर यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालू असते आणि कानांना ती इतकी सरावाची झालेली असते की ऐकूच येत नाही. शुक्रवारी बहुतेक माग बंद असतात. त्या सकाळी कावळे ऐकू येतात. शेजारच्या नळाला पाणी आल्याचं कळतं. म्हातारी माणसं काहीतरी बिघडलंय असं वाटून उठून बसतात.

शांततेचीही सवय असावी लागते.

उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. जवळच खाडी, हवा दमट, डोक्यावर वैशाख. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. अशा दिवसांत शरीर आपणहून सांगत असतं, जरा हळू. आपण पंख्याचा वेग वाढवतो, स्वतःचा कमी करत नाही.

मागाच्या कारखान्यात तर वाऱ्याचीही पंचाईत असते. वाऱ्यानं तूस उडतं, सूत कोरडं पडतं. सुती धागा ओलाव्यानं बळकट होतो आणि कोरड्या हवेत तुटू लागतो. म्हणून सुताच्या दृष्टीनं हवा कोंडलेलीच बरी. माणसाला मात्र वारा हवा. एकाच तापलेल्या पत्र्याखाली दोघांच्या गरजा उलट्या, आणि तिथं सुताचं चालतं. बारा तासांची पाळी. एका कारागिराकडे चार, सहा, कधी आठ माग.

मला या धाग्याचं नवल वाटतं. तो तुटू नये म्हणून किती जपतात! मागावर चढण्याआधी ताण्याला खळ लावतात, ती वाळू देतात, मग अलगद गुंडाळतात. जे द्यायचं ते आधी देतात. तुटल्यावर गाठ मारता येते, पण गाठ कापडात दिसते. माणसाच्या बाबतीत आपण नेमकं उलट करतो. आधी ताणतो, मग डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विश्रांती लिहून आणतो.

विश्रांती आपोआप मिळते, असा आपला समज असतो. ती कुणीतरी मागितली होती. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या आयोगापुढे ठेवलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास मोकळा. काम सकाळी साडेसहा ते सूर्य मावळेपर्यंत. आज रविवारी उशिरा उठताना आपल्याला हे आठवत नाही. आठवायला हवं असंही नाही. पण त्या रविवारसाठीसुद्धा 10 जून 1890 उजाडावा लागला.

भिवंडीच्या कारागिराला शुक्रवार मिळतो. त्या दिवशी तो काय करतो? कपडे धुतो, दाढी करतो, नमाजाला किंवा बाजारात जाऊन येतो, मुलुखाला फोन लावतो. उरलेला वेळ झोपतो, बहुधा ज्या खोलीत पाळीपाळीनं माणसं झोपतात त्याच खोलीत. त्याला कुणी ‘दमानं घे’ असं सांगितलं तर तो हसेल. मजुरी कापडाच्या मापावर. माग थांबला की कमाईही थांबते. मे महिन्यात लग्नसराईला बरेच जण उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, तेलंगणात जातात. मग माणसांअभावी काही माग बंद राहतात आणि शेठ कुरकुरतात. मला त्या कुरकुरीचं वाईट वाटत नाही.

शहराबाहेर नाशिकच्या रस्त्याला लागलं की गोदामं सुरू होतात. यातल्या बऱ्याच जागी पूर्वी भातशेती होती. भात काढला, उरलेल्या ओलीवर कुठे वाल घेतला, की जमीन मोकळी. चैत्र-वैशाखात ती नुसती तापत पडायची. भेगाळायची. राब भाजण्यापुरती माणसं शेतात दिसायची, बाकी शेत पावसाची वाट बघत स्वस्थ. त्या जमिनीला कुणी आळशी म्हटलं नाही. गोदामाला ऋतू नसतो. तिथं मेच्या भर दुपारीही ट्रक लागलेला असतो, आणि त्यात आपण काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मागवलेली एखादी वस्तू असते.

ज्यांना विश्रांती घेता येते, त्यांनाही ती घेता येत नाही, हे आणखी एक नवल. मुलांच्या सुट्टीत शिबिरं, शिबिरांनंतर सहल, सहलीत सगळी ठिकाणं बघून व्हायला हवीत. परतल्यावर थकवा घालवायला पुन्हा सुट्टी हवी. दुपारी जेवून घटकाभर आडवं झालं तरी हात फोनकडे जातो. रिकामं बसणं म्हणजे काहीतरी चुकतंय, हे इतकं मुरलंय की पाठ टेकली तरी मन उभंच असतं. पूर्वी उन्हाळ्याच्या दुपारी घरातली दारं पुढं ओढलेली असत. कुणी कुणाकडे त्या वेळी जात नसे. ‘आता ऊन उतरल्यावर’ एवढ्या एका शब्दावर गावाचे व्यवहार पुढं ढकलले जात आणि कुणाचं काही अडत नसे.

सगळ्यांना अशी दुपार परवडत नाही, हे खरं. पण पुष्कळांना परवडते आणि ते घेत नाहीत.

लोखंड्यांनी मागितलेला तो दुपारचा अर्धा तास आज घेऊन पाहा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तुमच्या घरी, दुकानात, कारखान्यात कुणी हाताखाली काम करत असेल, तर आधी त्याला द्या. मजुरी न कापता.