झाकणे आणि झिजवणे

नवी काळी मोटार घरी येते तेव्हा तिच्या बॉनेटमध्ये आकाश दिसते. वर्ष-दोन वर्षे लोटतात आणि मग एखाद्या दुपारी त्याच बॉनेटवर, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती, कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा मालकाच्या दृष्टीस पडतात. पारोळ्यासारख्या गावी, जिथे धुळे-जळगाव महामार्गावरील वाहतूक अहोरात्र धूळ उडवीत असते, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक काळ्या गाडीच्या मालकाला येतो. हा विषय गॅरेजवाल्याचा आहे, चिंतनाचा नव्हे, असे वाचकांस वाटेल. आमचे मत थोडे निराळे आहे. दोष दूर करण्याच्या नावाखाली आपण किती झाकतो, किती झिजवतो आणि कोठे थांबतो, हा प्रश्न या रेघांच्या निमित्ताने फार स्वच्छपणे मांडता येतो.

प्रथम त्यांचे मूळ पाहू. या रेघा बहुतांशी दुसऱ्या कोणी मारलेल्या नसतात. रोज सकाळी कोरड्या फडक्याने प्रेमाने गाडी पुसणाऱ्या हातांनीच त्या काढलेल्या असतात. धुळीत गारेचे सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस् मापनात गारेचा क्रमांक 7 आहे. साध्या चाकूचे पोलादसुद्धा तिच्याहून मऊ असते. मग रंगावरच्या लेपाची काय कथा! फडके फिरते, कण त्याच्याबरोबर फिरतात, आणि गाडी स्वच्छ होत असतानाच ओरखडली जाते. एकाच बादलीत फडके पुन्हा पुन्हा बुडवून धुतले तरी तेच घडते, कारण काढलेली माती पुन्हा गाडीवरच जाते.

या रेघा वर्तुळाकार दिसतात. प्रत्यक्षात त्या सर्व दिशांना पसरलेल्या असतात. घासून घासून वापरलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहावे. दिवा हलला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात, कारण ज्या रेघा प्रकाशाच्या वाटेला आडव्या असतात तेवढ्याच चमकतात आणि त्या बिंदूभोवती कडी रचल्यासारख्या भासतात. पांढऱ्या गाडीवरही तितक्याच रेघा असतात. परंतु पांढरा रंग स्वतःच सगळीकडे प्रकाश विखुरतो, त्यात त्या हरवून जातात. काळा रंग प्रकाश गिळतो, म्हणून त्यावर केवळ ओरखडाच उजळतो. काळ्या गाडीचे दोष अधिक नसतात, अधिक दिसतात. माणसांविषयी मत बनवतानाही हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता उपायांकडे वळू. ते मूलतः दोनच आहेत. पहिला उपाय झाकण्याचा: तेलकट, मेणासारखे द्रव्य रेघांत भरायचे, म्हणजे पृष्ठभाग सपाट भासतो आणि गाडी नव्यासारखी दिसते. काही धुण्यांनंतर ते निघून जाते आणि रेघा पुन्हा प्रकटतात. दुसरा उपाय झिजवण्याचा, ज्याला आपल्याकडचे कारागीर 'रबिंग' म्हणतात. यात रेघ भरली जात नाही. तिच्या सभोवतालचा लेप तिच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो. कारखान्यात दिलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन असते. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक लेप सुमारे 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. ही पुंजी एकदाच मिळते. दर वेळच्या रबिंगने तिच्यातील काही भाग खर्च होतो. लेप फार पातळ झाला की उन्हापासून रंगाचे रक्षण होत नाही, तो फिका पडतो व पापुद्रे सुटू लागतात.

झाकणे हे सदैव असत्यच असते काय? आमच्या मते नाही. घरच्या लग्नाला गाडी जरा उजळ दिसावी म्हणून कोणी मेण लावले तर त्यात कोणाची फसवणूक नाही. तीच गाडी विकावयास काढताना, गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी रेघा भरून घेतल्या, तर मात्र गोष्ट बदलते. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार केला आहे. ज्या छुप्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल तो सांगण्यास विक्रेता बांधलेला आहे. जो दोष उघड दिसतो, तो बोलून दाखवण्याचे बंधन त्याच्यावर तसे नाही, असा त्यांचा आशय आहे. उन्हात दिसणारी रेघ हा उघड दोष होय. तिच्यात मेण भरून आपण उघड दोषाला छुपा करतो, आणि त्या क्षणी तो सांगण्याचे ऋण आपल्या माथी येते. काळी-पिवळी चालवून पोट भरणारा एखादा तरुण कर्ज काढून जुनी गाडी घेतो, तेव्हा हे ऋण काल्पनिक राहत नाही.

मग झिजवणे तरी निर्दोष आहे काय? तेही मर्यादेतच. मोठे यंत्र व महागडा कारागीर ज्याला परवडत नाही, त्याने हाताने केलेले काम या बाबतीत अधिक सुरक्षित ठरते, कारण हात सावकाश झिजवतो. गाडी सावलीत व पत्रा थंड असताना, म्हणजे खानदेशच्या उन्हाळ्यात भल्या पहाटेच, काम करावे. आधी पाणी ओतून धूळ सुटी करावी. मग एका बादलीत शाम्पू व दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी, अशा दोन बादल्यांनी वरून खाली धुवावे. मऊ मायक्रोफायबरच्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. प्रथम वीतभर जागेवरच प्रयोग करावा. फोमच्या पॅडवर बारीक पॉलिशचे तीन-चार थेंब घेऊन हलक्या, सारख्या दाबाने आधी उभे, मग आडवे घासावे. कडा व कोपरे टाळावेत. तेथे लेप पातळ असतो. टूथपेस्ट किंवा जाडे कंपाउंड वापरू नये. त्याने नवे ओरखडे वा धुरकटपणा येतो. पुसल्यावर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा स्वच्छ करून उन्हात निरखावी, कारण पॉलिशमधील तेलही रेघ झाकते आणि काम न होताच झाल्याचा भास देते. नखाला अडकणारी रेघ तशीच राहू द्यावी. हाताने सगळ्या रेघा जात नाहीत; पुष्कळशा फिक्या होतात, आणि तेवढे पुरे मानावे. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा आणि पुढे कोरडे फडके कधीही लावू नये.

येथे पाण्याचा प्रश्नही येतो. तामसवाडीच्या बोरी धरणाची पातळी खाली गेली की गावात हंड्यांची मोजणी सुरू होते. अशा दिवसांत नळी सोडून गाडी धुणे हे ओरखड्याहून मोठे लांछन आहे. दोन बादल्यांची शिस्त रंगाला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही मानवते. पाणी तेवढेही नसेल तर गाडी धुळकट राहू द्यावी. तिच्यावर पडून राहिलेली धूळ ओरखडे काढीत नाही. पुसलेली धूळ काढते.

आम्हाला या साऱ्यात एक व्यापक सूत्र दिसते. संसारात, शाळेत, धर्मग्रामात आपण परस्परांचे दोष काढावयास निघतो. रोज उठून मुलाला टाकून बोलणारा बाप प्रेमानेच बोलत असतो. पण त्याचे बोलणे कोरड्या फडक्यासारखे फिरते, आणि पुढे ज्या रेघांबद्दल तो खेद करतो त्यांतल्या कित्येक त्याच्याच हातच्या असतात. बंधुभावाने केलेल्या कानउघाडणीविषयी लिहिताना अक्विनास यांनीच म्हटले आहे की, तिच्यामुळे माणूस अधिक बिघडेल असे दिसत असेल तर ती न करणेच योग्य. अधिकाऱ्याला समाजहितासाठी द्यावी लागणारी शिक्षा त्यांनी यापासून निराळी ठेवली आहे. माणसाच्या आत्मसन्मानाचा लेपही पातळ असतो. त्यालाही आधी पाणी द्यावे लागते, वीतभर जागेवर हात चालवून पाहावा लागतो, आणि सौम्य उपाय पुरत असता जाडे कंपाउंड उचलण्याचा मोह आवरावा लागतो.

दोषाकडे डोळेझाक करावी असे आम्ही म्हणत नाही. जो झाकला तो झाकला आहे असे सांगावे, आणि जो झिजवायचा तो किती पुंजी खर्चून, याचा हिशेब आधी मांडावा. काही रेघा राहू दिल्याने गाडीचे चालणे थांबत नाही. मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी अनेक दशके लोकांची ने-आण केली. त्यांतील शेवटची ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेली. त्यांच्या काळ्या पत्र्यावर किती रेघा होत्या, हे उतारूंपैकी कोणी मोजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.