शेळीची कास आणि विक्रीचे घर

घर विकायचे ठरले की माणूस प्रथम भिंतींकडे पाहतो. इतकी वर्षे ओलीच्या ज्या डागाकडे कोणाचे लक्ष नव्हते तो डाग एकाएकी मोठा दिसू लागतो. मग पुट्टी येते, रंग येतो, माळ्यावरच्या ट्रंका नातलगांकडे रवाना होतात, मोरीचा गळका नळ बदलला जातो. गिऱ्हाईक यायचे त्या दिवशी उदबत्ती लावली जाते. यात नवे काही नाही. नवे एवढेच, की आता या कामाचा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे आणि त्याला ‘होम स्टेजिंग’ असे नावही मिळाले आहे. होम स्टेजिंग म्हणजे रंगमंच मांडावा तसे घर मांडणे.

ही पद्धत अमेरिकेतली. तेथील वॉशिंग्टन राज्यात घरविक्रीचे काम करणाऱ्या बार्ब श्वार्झ या बाईंनी १९७२ साली ती सुरू केली असे मानले जाते. तिचे नियम साधे आहेत. अडगळ काढा. सामान कमी ठेवा, म्हणजे खोली मोठी भासते. भिंतींना फिकट रंग द्या. सगळे दिवे लावा. स्वयंपाकघरातून कॉफीचा किंवा ताज्या पावाचा दरवळ येऊ द्या. आणि घरच्यांचे फोटो, धर्माच्या खुणा काढून ठेवा, म्हणजे पाहायला येणाऱ्याला तेथे स्वतःचे कुटुंब कल्पिता येईल. आता तर रिकाम्या खोलीचा फोटो काढून त्यात संगणकाने सोफा आणि पडदे बसवता येतात. आपल्याकडे याचा जवळचा भाऊ म्हणजे बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट. त्यात पलंग नेहमीच्या मापापेक्षा लहान असतो, आतल्या खोल्यांना कित्येकदा दारेच नसतात, एका भिंतीला आरसा असतो आणि भर दुपारी सगळे दिवे जळत असतात.

प्रश्न असा आहे की यात सजावट किती आणि फसवणूक किती?

‘ही सगळीच लबाडी आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पाहुणे यायचे म्हणून आपण घर झाडतो, ईदच्या आधी भिंतींना चुना देतो, मुलीला पाहायला येणार म्हटल्यावर तिला चांगला जोडा घालायला सांगतो. याला कोणी दगाबाजी म्हणत नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, असे हजरत मुहंमद पैगंबरांनी (स.) सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. विकायची वस्तू मळकटच असली पाहिजे, असा काही इमानदारीचा नियम नाही. तेव्हा रंग देणे हा गुन्हा नव्हे. तो रंग काय करतो, हे पाहायला हवे.

याबाबतीत मला शेळीच्या कासेची हदीस फार उपयोगी वाटते. अरबस्तानात विकायला काढलेल्या सांडणीचे किंवा शेळीचे दूध दोन-तीन दिवस काढत नसत. बाजारात नेईपर्यंत तिची कास तटतटून येई आणि गिऱ्हाइकाला वाटे, जनावर भरपूर दुभते आहे. प्रेषितांनी याला मनाई केली. असे जनावर कोणी घेतलेच, तर दूध काढून पाहिल्यावर ते ठेवायचे की परत करायचे हा हक्क घेणाऱ्याला दिला, आणि परत करताना काढलेल्या दुधाबद्दल एक साअ खजूर द्यावेत असेही सांगितले. म्हणजे न्याय दोन्ही बाजूंनी झाला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

या उदाहरणातली बारीक गोष्ट ध्यानात घ्या. शेळीचा मालक तोंडाने एक शब्दही खोटा बोललेला नाही. शेळी खरी, कास खरी, दूधही खरे. त्याने फक्त तीन दिवसांचे दूध एका दिवसाचे म्हणून दाखवले. खोटे शब्दांत नव्हते, मांडणीत होते. विक्रीच्या घराची कसोटी मला येथे सापडते. जे आज दिसते ते नवा मालक राहायला आल्यावरही तसेच राहणार असेल, तर ती सजावट. गळका नळ बदलला, तुटलेली फरशी बसवली, जाळी साफ केली. यात वस्तूचे खरोखर भले झाले. पण छत गळते हे माहीत असून पावसाळा संपताच त्यावर रंग चढवला, तर ती तटतटलेली कास आहे. खोलीत दिवसा अंधार असतो म्हणून दिवे लावून ठेवणे, खालच्या कारखान्याची यंत्रे बंद असतात तीच वेळ घर दाखवायला निवडणे, पाणी एक तासच येते म्हणून नेमके त्या तासाला बोलावणे, हे सारे त्याच जातीचे. दुसऱ्या एका हदीसमध्ये धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला. तर भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले. ओल हा त्याचा दोष नव्हता. पाऊस कोणाच्याही धान्यावर पडतो. ओल खाली ठेवणे हा दोष होता.

उर्दूच्या वर्गात मी ‘ऐब’ हा शब्द शिकवते तेव्हा मुले त्याचा अर्थ लगेच माणसाची खोड असा करतात. फिक्हमध्ये मात्र तो आधी बाजारातला शब्द आहे. मालात ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क, न पाहिलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क, हे सारे हनफी फकिहांनी तपशिलात मांडले. घराविषयी तर मोठी मनोरंजक चर्चा आहे. घर ‘पाहिले’ असे केव्हा म्हणायचे? अंगण पाहिले की पुरे, हे हनफी पंथाचे जुने मत. इमाम अबू हनीफांचे शिष्य जुफर म्हणाले, आतल्या खोल्या पाहायलाच हव्यात. पुढे बाराव्या शतकात मरगीनानींनी ‘हिदाया’ या ग्रंथात निवाडा दिला, की जुने मत त्या काळच्या रिवाजावर आधारलेले होते. तेव्हा घरे एकसारखी असत, आता ती वेगवेगळी असतात, म्हणून आत जाणे आवश्यक आहे. म्हणजे बांधकामाची रीत बदलली तशी प्रामाणिकपणाची अटही त्यांनी बदलली. आज तेच फकिह असते तर फोटो पाहणे म्हणजे घर पाहणे असे त्यांनी मान्य केले असते का, याचा विचार वाचकांनी करावा.

आपल्या देशाचा कायदाही यापासून दूर नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला ठाऊक नसलेला, आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. रेरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या कायद्याचे कलम १२ तर सॅम्पल फ्लॅटचाही उल्लेख करते. त्यातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यावी. त्याला बाहेर पडायचे असेल तर सारी रक्कम व्याजासह परत करावी. ‘साधारण काळजी’ हे शब्द मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. भिंतीवरची ओल उघडी असते तेव्हा ती कोणालाही दिसते आणि सांगायची गरज पडत नाही. तुम्ही तिच्यावर रंग दिला की ती साधारण काळजीच्या पलीकडे गेली. म्हणजे रंगाने तुमची जबाबदारी झाकली जात नाही, उलट वाढते. जितके अधिक झाकाल तितके अधिक सांगावे लागेल.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, सगळेच असे करतात, घेणाराही हे धरून चालतो. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली ते नोबेलचे मानकरी ठरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि मग चांगला माल असणारे बाजारातून उठून जातात. ‘सगळेच करतात’ याचा परिणाम असा असतो. ज्याच्या छतातून खरेच पाणी गळत नाही त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

याहून अवघड आक्षेप गरजवंताचा आहे. समजा, एक विधवा बाई मुलीच्या शिक्षणासाठी राहती खोली विकते आहे. छत गळते हे तिने सांगितले तर पन्नास हजार कमी मिळतील. श्रीमंताला हा प्रामाणिकपणा परवडेल. तिला कसा परवडावा? या प्रश्नाला मी हलके लेखत नाही. पण पलीकडे कोण उभे आहे तेही पाहिले पाहिजे. बहुधा तोही बायकोचे दागिने मोडून आणि वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेला असतो. लपवल्याने ते पन्नास हजारांचे नुकसान नाहीसे होत नाही, एका गरजवंताकडून दुसऱ्याकडे सरकते. कूफ्यात कापडाचा व्यापार करणाऱ्या इमाम अबू हनीफांविषयी सांगतात, की त्यांच्या भागीदाराने एक सदोष ठाण ऐब न सांगता विकले, गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान केली. एवढी ताकद प्रत्येकात नसते. पण रंग देऊन, स्वच्छ करून, योग्य भाव मागून मग ‘या कोपऱ्यात जुलैत पाणी येते’ हे एक वाक्य बोलणे त्या बाईच्याही आवाक्यात आहे. खरे सांगणाऱ्यांच्या सौद्यात बरकत असते आणि लपवणाऱ्यांच्या सौद्यातली बरकत पुसली जाते, असे हदीस सांगते. बरकत हा हिशेबवहीत न मावणारा शब्द आहे, तरी पुढच्या पावसाळ्यात कोणाचे तळतळाट आपल्या मागे येणार नाहीत एवढा अर्थ तरी त्यात नक्की आहे.

आता होम स्टेजिंगच्या त्या शेवटच्या नियमाकडे वळते: फोटो काढा, धर्माच्या खुणा काढा. वरवर हा नियम निरुपद्रवी दिसतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन सिटीमध्ये २०२० साली एका कृष्णवर्णीय दांपत्याने घराचे मूल्यांकन करून घेतले, ते ९ लाख ९५ हजार डॉलर आले. दुसऱ्या मूल्यांकनाच्या वेळी त्यांनी आपले कौटुंबिक फोटो काढून ठेवले आणि एका गोऱ्या मैत्रिणीला घरमालकीण म्हणून उभे केले. त्याच घराची किंमत १४ लाख ८० हजारांच्या वर गेली. प्रकरण कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये तडजोडीने मिटले. भिंती त्याच होत्या, छत तेच होते. फक्त त्या भिंतींवरचे चेहरे खाली उतरले होते.

हे वाचून आपल्याला अमेरिका दूर वाटत नाही. दारावरची ‘बिस्मिल्लाह’ची पाटी आणि बैठकीतली आयतुल कुर्सीची फ्रेम उतरवून ठेवा, असा सल्ला आपल्याकडचा दलालही देतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना वस्तीबाहेर घर मिळण्यातल्या अडचणींची नोंद आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम ग्राह्य धरला. अशा हवेत माणसाचे नावच त्याचा ऐब ठरते.

येथे फिक्हची व्याख्या आपल्याला पेचात टाकते. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्याने वस्तूची किंमत घटते तो ऐब, असे हनफी ग्रंथ म्हणतात. मग मुसलमानाचे घर म्हणून किंमत घटत असेल, तर तोही सांगायचा ऐब झाला का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ती व्याख्या मालाची आहे. आदमच्या लेकरांना अल्लाहने प्रतिष्ठा दिली, हे कुरआनचे म्हणणे आहे, आणि प्रतिष्ठा ही बाजाराने ठरवायची गोष्ट नव्हे. छताची ओल जाणून घेणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे, कारण ती उद्या त्याच्या मुलांच्या अंथरुणावर टपकणार आहे. येथे नमाज कोण पढत होते याने त्याच्या छताला काही होत नाही. म्हणून फ्रेम उतरवणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. कोणी सरळ विचारले तर खोटे बोलू नये, पण आपण होऊन सांगण्याचे ओझे त्याच्यावर नाही. दोष असलाच तर ज्यांच्यामुळे ती फ्रेम उतरवावी लागते त्यांचा आहे.

आणि त्यांच्यात आपणही असतो. आपल्या मोहल्ल्यात घर घ्यायला कोणी आला की त्याची जमात कोणती, बिरादरी कोणती, मसलक कोणता, हे आपण विचारतोच ना? खाटिक, पिंजारी, बागवान, अन्सारी, ही चौकशी आपल्या ओठांवर तयार असते. दुसऱ्याच्या सोसायटीच्या दाराशी न्याय मागणाऱ्याने आपल्या गल्लीच्या तोंडाशीही तो ठेवला पाहिजे.

तेव्हा घर विकताना झाकायचे काय आणि उघडे ठेवायचे काय, याचा हिशेब असा लागतो. भिंतीचा दोष उघडा ठेवावा, माणसाचे नाव दोष मानू नये. आपला बाजार नेमका उलटा चालतो. ओल झाकून टाकतो आणि आडनाव तपासतो. पुढच्या वेळी कोणी घर पाहायला आले, तर पावसाळ्यात कोणत्या कोपऱ्याला हात लावून पाहावा ते त्याला दाखवावे, आणि तो कोण, कुठला हे विचारण्याआधी त्याला पाणी द्यावे.