दुभाषा की दलाल?

सर्जिओ बेंडिक्सन मूळचे पेरूचे. १९८८ साली त्यांनी ब्रूस बॅबिट यांच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचाराची धुरा सांभाळली. पुढे ते जनमत चाचण्यांत रमले. स्थलांतरितांना त्यांच्या भाषेत विचारा, हा त्यांचा आग्रह. कारण फक्त इंग्रजीत विचारलं, तर इंग्रजी न येणारा माणूस आकड्यांतून गायबच होतो. भाषा बदलली की तो मोजला जातो. हा न्यायच झाला.

पण मिळालेलं उत्तर विकत घेतो उमेदवार. २००८ च्या सुरुवातीला, हिलरी क्लिंटन यांच्यासाठी काम करताना, बेंडिक्सन म्हणाले की लॅटिनो मतदार कृष्णवर्णीय उमेदवारांना फारसा पाठिंबा देत नाहीत. नोव्हेंबरात सुमारे दोन तृतीयांश लॅटिनो मतं ओबामांना पडली. नंतर बेंडिक्सन यांच्याच कंपनीने ओबामांचा स्पॅनिश प्रचार केला.

मायामीतला क्यूबन, टेक्ससमधला मेक्सिकन, न्यूयॉर्कमधला पोर्तोरिकन: एका शब्दात तिघं कसे मावतील? ‘लोक असं म्हणाले’ इथपर्यंत सल्लागार दुभाषा असतो. ‘आमचे लोक असेच असतात’ म्हणाला, की दलाल होतो. आपल्यातलाच असला, तरीही. किंबहुना तेव्हा जास्तच, कारण त्याचं बोलणं कुणी तपासत नाही.