शिस्तीचा तास कुणाचा घ्यायचा?

गरिबाकडे पैसा येत नाही असं नाही, त्याला तो राखता येत नाही, हा सिद्धान्त सध्या भलताच जोरात आहे. २०२४च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिन्याला दीड हजार ठरले, आणि या सिद्धान्ताला ऊत आला. कुणी साडी घेतली, कुणी मोबाइलचा हप्ता भरला, याच्या कहाण्या पगारी मंडळी चवीनं सांगतात. मध्यंतरी आमच्या परतुरात तरुण आई-बापांसाठी एक व्याख्यान झालं. वक्ते निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले: ५०, ३०, २०. मिळकतीतले पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला. लेकरू झालं की हौसेचे तीसही बचतीत टाका, म्हणजे पुढे त्याच्या शिक्षणाची चिंता नाही. टाळ्या पडल्या. मी हात बांधून बसलो होतो. त्यांचं देणं इथं फेडतो.

पहिला प्रश्न साधा आहे. पन्नास टक्के कशाचे? या सूत्राला महिना लागतो आणि महिन्याला पगार लागतो. कापूस, सोयाबीन, तुरीवर पोट असलेल्या घराला महिना नसतो, सुगी असते. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. त्यातली मोठी रक्कम तो आधीच उचलतो आणि वर्षभर राबून फेडतो. परतूर-मंठ्याकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचंही तेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो. ती मागच्या देण्यात, दवाखान्यात, बहिणीच्या लग्नात जाते, आणि मग उन्हाळ्यापर्यंत टनावारी फिटत राहते. फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. लेकरू अंगावर पीत असेल तर तेही फडात, झोळीत. या घराच्या मिळकतीचे तीन वाटे कुणी पाडून दाखवावेत. मी फळा धरून उभा राहतो.

आता खर्चाची बाजू जवळून बघा. किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी सुट्या डायपरची माळ लोंबत असते. पगारी घरातली आई मोठं पाकीट घेते. मजुरीवरची आई एकच डायपर घेते, तोही लेकराला एसटीनं दवाखान्यात किंवा माहेरी न्यायचं असेल त्या दिवशी. एरवी जुन्या लुगड्याचे तुकडे. सुटा डायपर पाकिटातल्यापेक्षा महाग पडतो हे तिला पक्कं ठाऊक असतं. पाकिटाचे पैसे एकदम हातात नसतात, एवढंच. डेव्हिड कॅप्लोविट्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतली खरेदी तपासून १९६३ साली पुस्तक काढलं. गरीब माणूस त्याच वस्तूला जास्त मोजतो, हा त्याचा निष्कर्ष. आमच्याकडे त्यासाठी उधारीची वही पुरते. ज्याच्या नावावर बाकी आहे, तो भावावरून घासाघीस करत नाही.

शिवाय घर म्हणजे नेमकं कोण, तेही वक्त्यांनी सांगितलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तो खर्च मुलीच्या बापाच्या डोक्यावर. तरुण बापाची मजुरी कित्येक घरांत अजून थोरल्यांच्या हाती जाते. सुनेला पावडरच्या डब्यासाठी सासूकडे मागावं लागतं. ‘तुमचं बजेट’ असं म्हणताना त्यातलं ‘तुमचं’ कुणाला उद्देशून आहे?

खरी गंमत पुढेच आहे. हे सूत्र गाजवलं एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी, २००५च्या एका पुस्तकातून. वॉरनबाई तेव्हा हार्वर्डला दिवाळखोरीचा कायदा शिकवत. सिनेटर नंतर झाल्या. याच मायलेकींनी दोन वर्षं आधी, २००३ साली, ‘द टू-इन्कम ट्रॅप’ लिहिलं होतं. लोक उधळेपणापायी बुडतात, या समजाची त्यात पार चिरफाड आहे. अमेरिकेतली मध्यमवर्गीय कुटुंबं कपड्यालत्त्यानं किंवा हॉटेलात जेवून बुडाली नव्हती. चांगल्या शाळेच्या आसपास घर घ्यायचं म्हणून काढलेलं कर्ज आणि आरोग्यविमा असले न टाळता येणारे खर्च वाढले होते. त्यात नोकरी गेली, आजारपण आलं किंवा घटस्फोट झाला, की घर कोसळायचं. आणि सगळ्यात जास्त धोका मुलं पदरी असलेल्यांना. आमच्या वक्त्यांनी दुसरं पुस्तक ऐकलं, पहिलं ऐकलं नाही. गुरूचं औषध घेतलं आणि निदान फेकून दिलं.

अर्थात वॉरनबाईंकडे जायची तरी काय गरज? हा वाद आपल्याकडे सव्वाशे वर्षं आधी लढून झाला आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. सरकारनं आयोग नेमला. साहेबांची समजूत तयारच होती: कुणबी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो. गावोगावचे जाबजबाब घेतल्यावर आयोगालाच लिहावं लागलं, की कर्जाचं कारण म्हणून लग्नखर्चाला अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. सारा, पडलेले भाव आणि व्याज ही कारणं समोर उभीच होती.

तरी ती समजूत मेली नाही. म्हणून १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांना हाच आरोप पुन्हा हातात घ्यावा लागला. त्यांची रीत मला फार आवडते. ते शेतकऱ्याच्या शिस्तीवर प्रवचन देत नाहीत. ते त्याच्या घरात शिरतात, तिथली भांडीकुंडी, अंगावरची वस्त्रं, लग्नातलं जेवण मांडून दाखवतात आणि विचारतात, यातली उधळपट्टी कोणती? हिशेब कुणाचा घ्यायचा, याची दिशाच ते फिरवतात. आज लाडक्या बहिणीच्या साडीवर बोलणाऱ्यांनी ही पानं वाचावीत. दख्खनच्या शेतकऱ्याला १८७९च्या कायद्यानं थोडा आडोसा मिळाला. परतूर तेव्हा निजामाच्या मुलखात; तो कायदा इथं पोचलाच नाही. उधळेपणाचा आरोप मात्र हद्द ओलांडून आला.

इथवर युक्तिवाद सरळ आहे: पैसा कमी आहे, बाकी सगळं थोतांड. मी याच वाक्यावर थांबणार होतो, पण ते पुरत नाही. सगळी अडचण रकमेची असती तर उचलीचा मोठा गठ्ठा हातात पडल्यावर जोडपं निर्धास्त व्हायला हवं होतं. होत नाही. गठ्ठा आला की पाहुण्यांना दिसतो, सावकाराला दिसतो, पोराच्या पहिल्या वाढदिवसाच्या बॅनरवाल्यालाही दिसतो. तिथं पैसा गळतो, हे वक्त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. पण ही गळती बायकांना आपल्याआधी कळलेली आहे. म्हणून त्या शेळी घेतात, भिशी लावतात, गुंजभर सोनं करतात: पैसा असा ठेवायचा की कुणी मागितला तरी पटकन काढून देता येऊ नये. ही शिस्तच आहे, बँकेच्या पासबुकात तिची नोंद नाही एवढंच.

आणि दीड हजाराचं मोल मला इथं दिसतं. रक्कम किरकोळ आहे. पण ती सुनेच्या नावानं येते आणि दर महिन्याला येईल असं सांगून येते. कमी पैसा सोसता येतो. बेभरवशाचा पैसा माणसाला उधारीकडे ढकलतो. तेव्हा तरुण आई-बापाला आधी हवी आहे ती तारीख.

मग शिस्त कुणी मोडली ते पाहू. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत, हा आदेश १९६६चा आहे. मस्टर बंद झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी, असं मनरेगाच्या कायद्यानं ठरवून दिलं होतं. दोन्हींची वाट पाहणारे या तालुक्यात शोधावे लागत नाहीत. लाडक्या बहिणीचे पहिले दोन हप्ते ऑगस्ट २०२४मध्ये एकत्र आले, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे निवडणुकीआधी आगाऊ जमा झाले. म्हणजे मनात आणलं तर सरकारला वेळेआधीही पैसे देता येतात! रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम तर वक्त्यांना भेट द्यावा असा आहे: गरीब घराचे कर्जहप्ते मासिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांपर्यंत चालतील. सूत्र म्हणतं अर्धी मिळकत गरजांना, नियम म्हणतो अर्धी हप्त्यांना गेली तरी हरकत नाही. मग लेकराच्या बचतीचे वीस टक्के काढायचे कुठून?

व्याख्यानं जरूर व्हावीत. फक्त पुढच्या वेळी पहिल्या रांगेत कारखान्याचा चेअरमन, मुकादम, खासगी फायनान्सचा वसुली अधिकारी आणि तहसील कचेरीतले साहेब बसवा. ठरल्या दिवशी, ठरलेले पैसे, एवढा एकच धडा त्यांना शिकवा. तो त्यांना जमला, की वीस टक्क्यांचा हिशेब परतूरच्या आया स्वतः करतील.