कोपीतला रविवार

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीच्या आसपास ऊस पिकतो. तरीही जालना-बीडकडील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास दूरच्या ऊसतोडीला निघतात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. ऊस भरण्याची हाक मध्यरात्रीही येते. तिला रविवार ठाऊक नसतो. अशा ख्रिस्ती जोडप्याची मिस्सा चुकली, तर ते पाप काय? गंभीर कारण असल्यास हे बंधन राहत नाही, असे १९९२ सालचा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथच सांगतो. बोट दाखवितो ते आम्ही, देवळाशेजारी राहणारे! कोपीत चुलीपुढे पेंगणारी आई निजलेल्या लेकराच्या कपाळावर क्रुसाची खूण करीत असेल. आमच्या घरातली जपमाळ मात्र खुंटीवर आणि जेवण टीव्हीपुढे. उन्हाळ्यात ती माणसे परततात, तेव्हा आम्ही विचारतो, "इतके दिवस दिसला नाहीत?" नाताळ कसा झाला, हे विचारायचे राहूनच जाते.